गोलकीपरचं करिअर: पोरगं चांगलं आहे, पण त्याला सामने कोण देणार?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी मला जे समजलं ते मांडतो, चुकलं तर सांगा. मुलगा १५ वर्षांचा, न्यू जर्सीत दहावीत, उंची पाच फूट दहा, शाळेच्या संघाचा पहिला गोलकीपर. एका मोठ्या क्लबनं त्याला एमएलएस नेक्स्टच्या संघात बोलावलंय (एमएलएस ही इथली सर्वांत वरची व्यावसायिक लीग, नेक्स्ट ही तिची पोरांची लीग). तिथं गेलं तर शाळेकडून खेळणं बंद, आणि प्रवास धरून वर्षाचा खर्च ८ हजार डॉलरच्या घरात. मुलाला व्यावसायिक गोलकीपर व्हायचंय. त्याच्या बाबांना वाटतं, हे खूळ दोन वर्षांत उतरेल. आजी पुण्याहून विचारते, पडायचं कसलं आलंय शिक्षण. आणि जाता जाता १४० डॉलरच्या ग्लोव्ह्जबद्दल विचारलंय. ते शेवटी सांगतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांत तेवढ्या एकाचंच उत्तर माझ्याकडे पक्कं आहे.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाकडून चार हंगाम गोलीला उभा राहिलो, कोपरं सोलून घेतली, आणि सोपा गोल खाल्ल्यावर गॅलरीतून काय काय ऐकावं लागतं तेही ऐकलं. नोकरीनिमित्त इकडे आलो. गेली १८ वर्षं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी फक्त गोलकीपर पोरांना शिकवतो. मी स्वतः व्यावसायिक कधीच नव्हतो. हाताखालून गेलेल्यांपैकी बरेच कॉलेजात खेळले, एकजण यूएसएलमध्ये, म्हणजे एमएलएसखालच्या व्यावसायिक लीगमध्ये, दोन हंगाम टिकला, एमएलएसमध्ये अजून कोणी नाही. हे आधीच सांगितलं, म्हणजे माझं पुढचं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवू शकाल.

तुम्ही विचारलंय, "तो होऊ शकेल का?" पंधराव्या वर्षी हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याच्या हातात बहुधा पावतीपुस्तक असतं. मी तुमच्या जागी असतो तर वेगळंच विचारलं असतं. पुढची सहा-सात वर्षं दर आठवड्याला याला पूर्ण ९० मिनिटं कोण उभं करणार?

हे गोलकीपरपुरतंच का, ते सांगतो. फॉरवर्डला शेवटची १५ मिनिटं उतरवता येतं. विंगरला मागं बॅकला खेळवून बघता येतं. गोलकीपरची जागा एक, आणि त्या जागेवरचा माणूस जखमी झाल्याशिवाय, लाल कार्ड खाल्ल्याशिवाय किंवा सलग चार सामन्यांत घाण केल्याशिवाय हलत नाही. एमएलएसमध्ये आज ३० क्लब आहेत, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये खुर्च्या ३०. त्यातल्या काहींवर परदेशी गोलकीपर बसलेले. शिवाय या जागेवरची माणसं लवकर म्हातारी होत नाहीत. निक रिमांडो २००० साली लीगमध्ये आला आणि २०१९ ला निवृत्त झाला. लीगचे ५१४ सामने. त्या वीस वर्षांत त्याच्या मागं बाकावर किती जण बसून गेले असतील ते मोजा.

(उंचीची चिंता तुम्ही लिहिली आहे म्हणून इथंच सांगतो. हा रिमांडोही पाच फूट दहाच्या आतबाहेरच होता. पण तो अपवाद आहे. तुमचा मुलगा अजून वाढेल का हे हाडांच्या डॉक्टरला विचारा, मला नको. सहा फुटांच्या खाली राहिला तर दारं बंद होत नाहीत, पण प्रत्येक दार जरा जास्त वेळ ठोठवावं लागतं.)

आता तुमच्याच राज्यातली दोन पोरं बघू. मुद्दाम न्यू जर्सीची घेतो, कारण दोघांचे रस्ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

पहिला टिम हॉवर्ड. नॉर्थ ब्रन्सविकचा, जन्म १९७९. दहा वर्षांचा असताना टुरेट सिंड्रोमचं निदान झालं, म्हणजे मान, डोळे, खांदे मनाविरुद्ध हलतात. असल्या पोराला गोलमध्ये कशाला उभं करायचं, असं आपल्याकडं कोणीतरी नक्की म्हटलं असतं. तो कॉलेजच्या वाटेला गेलाच नाही. एकोणीस वर्षांचा असताना, १९९८ ला, घराजवळच्याच मेट्रोस्टार्समध्ये दाखल झाला. हाच क्लब आता न्यूयॉर्क रेड बुल्स म्हणून ओळखला जातो. तिथं त्याच्या पुढं होता टोनी मिओला, तोही जर्सीचाच, १९९० आणि १९९४ असे दोन वर्ल्ड कप खेळलेला. मिओला गेला तर दुसरा आला. पहिल्या तीन वर्षांत हॉवर्डला मोजके सामने मिळाले. २००१ मध्ये जागा मोकळी झाली आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. लोक २००१ ची गोष्ट सांगतात. मी पोरांना आधीची तीन वर्षं सांगतो.

२००३ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं त्याला नेलं. पहिल्याच हंगामात इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी निवडलेल्या वर्षाच्या संघात त्याचं नाव आलं. आणि त्याच हंगामात, मार्च २००४, पोर्तोविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर नव्वदाव्या मिनिटाला फ्री किक आली. त्यानं चेंडू अडवला, पण बाहेर न ढकलता पुढं सोडला, आणि कोस्टिन्यानं तो आत घातला. युनायटेड चॅम्पियन्स लीगमधून बाहेर. पोर्तोचे मॅनेजर मोरिन्यो कडेकडेनं धावत सुटले ते दृश्य तुमच्या मुलानं नक्की बघितलं असेल. त्या धावण्याच्या दुसऱ्या टोकाला एक जर्सीचा पोरगा गुडघ्यावर होता. पुढं त्याची जागा डळमळली. २००५ ला व्हॅन डर सार हा नवा गोलकीपर आला आणि हॉवर्ड बाकावर गेला.

इथं त्यानं जे केलं ते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तो मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहिला नाही. २००६ मध्ये एव्हर्टनला गेला, आधी उसना, मग कायमचा. तिथं दहा हंगामांत ४१४ सामने खेळला. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये बेल्जियमविरुद्ध साल्व्हाडोरला जो पंधरा-सोळा बचावांचा सामना झाला, तो त्या शेकडो सामन्यांवर उभा होता. (अमेरिका तो सामना १-२ हरली, हे लोक विसरतात.) माझी आवडती आठवण मात्र वेगळीच आहे. जानेवारी २०१२ मध्ये बोल्टनविरुद्ध त्यानं स्वतःच्या बॉक्समधून मारलेला चेंडू वाऱ्यावर उडून, टप्पा पडून, समोरच्या गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला. हॉवर्डनं आनंद साजरा केला नाही. त्या टोकाला उभं राहून काय वाटतं हे त्याला माहीत होतं.

दुसरा मॅट टर्नर. पार्क रिजचा, जन्म १९९४. हा तर फुटबॉलकडं वळलाच चौदाव्या वर्षाच्या सुमाराला, तोवर बेसबॉल आणि बास्केटबॉल. अकॅडमी वगैरे काही नाही. शाळेचं फुटबॉल, मग कनेटिकटमधलं फेअरफिल्ड विद्यापीठ, जिथं फुटबॉलचे दलाल सहसा फिरकत नाहीत. २०१३ मध्ये त्याच्या हातून असा गोल झाला की विचारू नका. चेंडू क्रॉसबारला लागून सरळ वर उडाला, खाली येताना हा झेल घ्यायला गेला, आणि स्वतःच्याच हातानं आत घातला. टीव्हीवर 'आठवड्यातल्या सगळ्यात वाईट' यादीत देशानं तो बघितला. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एमएलएस क्लब कॉलेजातली पोरं निवडतात तिथं, एकाही क्लबनं त्याचं नाव घेतलं नाही. न्यू इंग्लंड रिव्होल्यूशननं चाचणीवर घेतलं, करार दिला आणि खालच्या लीगमधल्या रिचमंड किकर्सकडं खेळायला पाठवलं. २०१८ मध्ये रिव्होल्यूशनला नवीन प्रशिक्षक आले ब्रॅड फ्रीडेल, जे स्वतः जुने गोलकीपर, आणि त्यांनी याला पहिल्या सामन्यापासून उभं केलं. तेव्हा टर्नर २३ वर्षांचा होता. २०२१ ला लीगचा सर्वोत्तम गोलकीपर, २०२२ ला आर्सेनल, आणि त्याच वर्षी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेचे चारही सामने.

पुढचंही सांगतो, नाहीतर परीकथा होईल. आर्सेनलला बाक. नॉटिंगहॅम फॉरेस्टला सुरुवात चांगली, मग जागा गेली. नंतर क्रिस्टल पॅलेसला उसना, पुन्हा बाक. २०२५ मध्ये तो परत न्यू इंग्लंडलाच खेळायला आला. काहीजण याला घसरण म्हणतात. मला ते शहाणपण वाटतं.

आजीसाठी तिसरं नाव: मॅट फ्रीझ. हार्वर्डचा. २०२५ च्या गोल्ड कपमध्ये कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवणारा तोच. अर्थशास्त्राची पदवी मधेच सोडून फिलाडेल्फियाच्या एमएलएस क्लबात गेला, नंतर पूर्ण केली. फिलाडेल्फियात त्याच्या पुढं जमैकाचा आंद्रे ब्लेक होता, त्यामुळं तिथं चार वर्षं जवळजवळ बाकावरच. न्यूयॉर्क सिटी या क्लबात आल्यावर खेळायला मिळालं. आजींना एवढंच सांगा की पडायचं शिक्षण हार्वर्डवालेही घेतात.

आता सामने एवढे का महत्त्वाचे, ते सरावातून दिसतं. शॉट अडवणं मी पोराला रिकाम्या मैदानात शिकवू शकतो. मारणाऱ्याचा पाय मागं जाईल तेव्हा तुझे दोन्ही पाय जमिनीवर, वजन चवड्यावर, हात कमरेच्या पुढं. हे हजार वेळा करून घेतलं की अंगात बसतं. पण क्रॉस आला की बाहेर यायचं का थांबायचं, हे मला शिकवता येत नाही. समोर दहा माणसं, स्वतःचा सेंटर बॅक वाटेत, वारा, ओलं मैदान, ७८ वं मिनिट, १-० ची आघाडी. हे फक्त सामना शिकवतो, आणि चुकवून शिकवतो. एक वर्ष बाकावर बसलेलं पोरगं परत माझ्याकडं येतं तेव्हा त्याचे हात तसेच असतात, पण निर्णय अर्ध्या सेकंदानं उशिरा होतो. अर्ध्या सेकंदात चेंडू जाळीत असतो.

माझ्याच एका पोराची गोष्ट. चार वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या क्लबनं त्याला उचललं. पालकांना सांगितलं, सामने वाटून देऊ. नंतर कळलं, त्या वयोगटात आधीच दोन गोलकीपर होते आणि हा तिसरा. अख्ख्या वर्षात त्याला चार अर्धे मिळाले, तेही निकाल लागल्यावर. पैसे पूर्ण गेले. क्लबचं तसं काही चुकलं नाही, त्यांना सरावाला तीन गोलकीपर लागतात. चूक माझी. मी त्या आईला विचारायला सांगितलं नव्हतं की आज संघात किती गोलकीपर आहेत आणि गेल्या हंगामात कोण किती मिनिटं खेळलं.

म्हणून तुमच्या निमंत्रणाकडं मी असं बघतो. एमएलएस क्लबांच्या स्वतःच्या अकॅडम्या, म्हणजे तुमच्या टप्प्यात रेड बुल्स आणि न्यूयॉर्क सिटी, पोरांकडून सहसा फी घेत नाहीत. तुमच्याकडं ८ हजार मागतायत, म्हणजे हा त्या लीगमध्ये खेळणारा स्वतंत्र क्लब आहे. त्यात वाईट काही नाही, अशा क्लबांतूनही पोरं वर जातात. पण तिथं मुलगा तुमचं गिऱ्हाईकही आहे, हे लक्षात ठेवा. पहिला गोलकीपर म्हणून घेत असतील आणि गोलकीपरचा वेगळा प्रशिक्षक आठवड्याला किमान दोनदा असेल, तर शाळेचं खेळणं सोडणं पटण्यासारखं आहे. दुसरा किंवा तिसरा म्हणून घेत असतील, तर मी त्याला शाळेतच ठेवीन आणि वाचलेल्या पैशात उन्हाळ्यात दोन-तीन कॉलेजांचे कॅम्प करवीन. हे लिखित मागा. देणार नाहीत, पण मागितल्यावर समोरचा काय बोलतो ते ऐकण्यासारखं असतं.

कॅम्पचं म्हटलं म्हणून. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कॅम्पला मी कडेला उभा होतो. नऊ गोलकीपर, कडाक्याची थंडी, कॉलेजचा प्रशिक्षक वही घेऊन फिरतोय. आमच्या पोरानं जवळच्या पोलवर अगदी साधा गोल खाल्ला. मी डोळे मिटले. पोरानं चेंडू काढला, लेफ्ट बॅकला नावानं हाक मारली आणि दोन पावलं आत घेतलं. कॅम्पमधली सगळी पोरं एकमेकांना अनोळखी असतात. यानं सकाळी पार्किंगमध्येच चारही डिफेंडरांची नावं विचारून ठेवली होती. प्रशिक्षकानं त्या क्षणी वहीत काहीतरी लिहिलं. आज ते पोरगं त्याच कॉलेजात आहे. झेप मारणारे नऊच्या नऊ होते.

कॉलेजचं गणित थोडक्यात. पुरुषांचे डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या पातळीचे, संघ देशात दोनशेच्या आसपास. हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो, म्हणजे वर्षाला वीस-एक सामने, जे व्यावसायिक खेळाडूच्या मानानं कमीच. पूर्ण शिष्यवृत्तीच्या भरवशावर राहू नका. २०२५ पर्यंत एका संघाला मिळून ९.९ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या पंचवीस-तीस पोरांत वाटल्या जायच्या. आता नवीन व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांत संघाची मर्यादा २८ आहे आणि किती पैसे द्यायचे ते कॉलेज ठरवतं. आयव्ही लीग (हार्वर्डसारखी आठ जुनी विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी पैसे देतच नाहीत, पण आयव्हीत घरच्या उत्पन्नावर आणि डिव्हिजन थ्रीत गुणांवरही मदत होते. त्यामुळं बाबांचं "अभ्यास बघ" आणि मुलाचं "खेळायचंय" यात तुम्हाला दिसतंय तेवढं भांडण नाही. चांगले गुण असलेला गोलकीपर कॉलेजच्या प्रशिक्षकाला स्वस्तात पडतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण आपल्या घरांत ती आधी विचारावी लागते. मुलाचे कागद काय आहेत? इथं जन्मला असेल तर प्रश्न मिटला. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असेल तर २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि एमएलएस क्लबांकडं परदेशी खेळाडूंच्या जागा मोजून-मापून असतात. त्यातली एक जागा कोणी राखीव गोलकीपरवर खर्च करत नाही. ग्रीन कार्ड असेल तर तो इथला धरला जातो. कागदांनी भल्याभल्यांना अडवलंय. वर ज्या फ्रीडेलचं नाव आलं, त्याला नव्वदच्या दशकात इंग्लंडनं वर्क परमिट वारंवार नाकारलं, म्हणून तो डेन्मार्क, तुर्कस्तान आणि मग एमएलएसमधलं कोलंबस अशी वाट करत १९९७ ला लिव्हरपूलला पोहोचला. पुढं त्याच माणसानं प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळून विक्रम केला आणि ४१ व्या वर्षी जागा सोडली. आणि मनात कुठं भारताकडून खेळायचं असेल तर अमेरिकन पासपोर्टवर ते होत नाही, ओसीआय कार्ड तिथं चालत नाही.

पैशाचं एका वाक्यात: एमएलएसमध्ये २०२५ ला सर्वांत कमी पगार वर्षाला साधारण ८० हजार डॉलर होता, त्याखालच्या लीगमध्ये त्याहून बराच कमी, आणि तुमच्या गल्लीतल्या सॉफ्टवेअरवाल्याला हसू येईल असा. बोटं मोडतात, खुबा दुखतो, डोक्याला मार लागतो. डोक्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मार लागला की त्या दिवशी खेळ बंद, प्रशिक्षक काहीही म्हणो.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा: क्लबला फोन करून गोलकीपर किती आणि गेल्या वर्षी कोणी किती मिनिटं खेळलं हे विचारा, मुलाला घरातच विचारा की वर्षभर बाकावर बसावं लागलं तर तो काय करेल, आणि त्याचं उत्तर ऐकताना मधे बोलू नका.

आता ग्लोव्ह्ज. १४० डॉलरची जोडी नको. त्या मऊ तळव्याची पकड भारी असते, पण टर्फवर आठवड्याला चार सराव केले तर महिन्या-दीड महिन्यात तो फाटतो. ५०-६० डॉलरच्या दोन जोड्या घ्या. एक फक्त सामन्यासाठी. सामन्याची जुनी झाली की ती सरावाला, आणि सरावाची फाटली की फेकायची. घालण्याआधी तळवे पाण्यानं ओले करायचे, कोरड्या ग्लोव्ह्जला चेंडू चिकटत नाही. घरी आल्यावर कोमट पाण्यात हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. ड्रायरमध्ये तर मुळीच टाकायचे नाहीत. आणि धुवायचे त्यानं, तुम्ही नाही.